पहिली तुकडी आणि श्रद्धेची परीक्षा

मुंबई विद्यापीठाची पहिली बी.ए. तुकडी १८६२ ची. त्यात अवघे चौघे: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक.

वागळे वकिलीत गेले, मोडक शिक्षणक्षेत्रात. चौघांचाही प्रार्थना समाजाशी संबंध आला. १८६७ मध्ये स्थापन झालेला हा समाज एकेश्वरी उपासना मानणारा, पण तुकारामांचे अभंग गाणारा.

पटलेला धर्म किती आचरायचा, हा प्रश्न मात्र रानडे आणि भांडारकरांना पुढे घरातच भेटला. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते रानडे यांनी पहिली पत्नी वारल्यावर १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केले. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे झालेल्या चहापानाच्या प्रकरणी त्यांनी पुढे प्रायश्चित्तही घेतले. याला निव्वळ भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे. आप्तांना दुखवायचे नाही, हीदेखील त्यांच्यासाठी धर्माचीच बाब होती.

भांडारकरांनी १८९१ मध्ये आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावला आणि लोकनिंदा सोसली. दोन वर्षांनी ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तरी त्यांच्या कर्तबगारीत त्या लग्नाची नोंद कुलगुरुपदाच्या आधी व्हायला हवी.