कंदिलाचा पहारा



मुक्कामी दिंडी टेकली, राहुट्या लागल्या, की दोन कामे एकाच वेळी सुरू होतात. आत कीर्तनाला टाळ वाजू लागतो आणि बाहेर कोणीतरी कंदिलाची काच पुसत बसलेला असतो. श्रोतेहो, विचार असा करायचा की, ज्याला कीर्तन ऐकायला मिळाले आणि ज्याचे हुकले, या दोघांत परमार्थ कोणाला घडला?

सेवा हाच परमार्थ, असे उत्तर आपण लगेच देतो. ते खोटे नाही. पण आधी ती सेवा कशी असते ते पाहू.

कंदिलाची वात सरळ कापावी, दोन्ही कोपरे किंचित उतरवावेत, म्हणजे ज्योत एकसारखी जळते. वाकडी वात काचेची एक बाजू काळी करते. काच निवल्यावरच काढावी आणि चाळलेल्या राखेने, मऊ फडक्याने पुसावी. तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला तरी ती तडकते, आणि आपली वारी तर आषाढातली. रॉकेल भरायचे ते वात विझवून. पेटता कंदील राहुटीच्या कापडापासून दूर ठेवावा, निजण्यापूर्वी बाहेर काढावा; बंद राहुटीत धूर कोंडला तर जिवावर बेतते. गॅसबत्तीचे मेंटल एकदा जळले की राखेची जाळीच उरते. तीच लख्ख उजेड देते, पण धक्का लागताच झडते. आता चार्जिंगचे कंदील आले. तेही वर्षभर पेटीत पडले तर बॅटरी मरते, म्हणून मधूनमधून चार्ज करावे लागतात.

यात एक मर्म आहे. काजळी बाहेरून येत नाही. ज्या ज्योतीचा उजेड, तिचीच काजळी. उजेड कमी वाटला की नवखा माणूस वात वाढवतो. घटकाभर झगमगाट होतो आणि काच आणखी काळी पडते. तिथे वात वाढवायची नसते, काच पुसायची असते. आम्हा कीर्तनकारांची वात तर सदाच चढलेली. लोक पायांवर डोके ठेवतात, आणि त्याच मानाची काजळी आत धरते. ती पुसायला बाहेरच्या त्या माणसाजवळच बसावे लागते.

आता मूळ प्रश्न. ‘तुझी सेवा आमच्या श्रवणाएवढीच मोठी’ असे म्हणणारा पुढच्या बिछायतीवरून कधी उठतच नसेल, तर ते बोलणे त्याच्या सोयीचे आहे. दोन्ही सारखेच, तर अदलाबदल करायला हरकत कोणती? सप्ताहात वीणा भुईला टेकू देत नाहीत. पहारा बदलतो, वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. एकालाच सात दिवस कोणी उभा करत नाही. मग कंदिलापाशी एकच माणूस वर्षानुवर्षे का? चुलीपाशी बसणाऱ्या मायमाउल्यांनाही हाच न्याय लावावा.

सेवा स्वखुशीची असली तर ती भक्ती. ती एकाच्याच माथी कायमची बसली, तर बाकीच्यांच्या भक्तीत उणे आले असे समजावे.

म्हणून दिंडीत वीणेच्या पहाऱ्यांची यादी कराल, तेव्हा तिच्याखाली कंदिलाचेही पहारे लिहा, आणि पहिले नाव कीर्तनकाराचे घाला. त्या रात्रीचे श्रवण हुकेल. पण हातात फडके असताना मुखी नाम घ्यायला कोणी अडवलेले नाही.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल.