टळलेल्या अपघाताचा साक्षीदार

नागपूरहून जबलपूरच्या वाटेस लागलेला प्रवासी कामठी मागे टाकतो न टाकतो तोच कन्हान नदी आडवी येते. इंग्रजी अमदानीत बांधलेल्या येथील दगडी पुलाने कित्येक पिढ्यांस पैलतीरी पोचविले. आता तेथे नवा पूल झाला आहे. नव्या पुलाने सोय झाली, हे कोणीही मान्य करील. परंतु जुन्या पुलास निरोप केव्हा द्यावयाचा, हा प्रश्न केवळ स्थापत्यशास्त्राचा नाही, नीतीचाही आहे.

कमानीचा गुण असा की, वरचा भार तिच्या दगडांस परस्परांवर घट्ट दाबतो आणि तो दाब खांबांवाटे पायापर्यंत उतरतो. तिचा खरा वैरी पाण्याखाली असतो. पूर खांबाच्या बुडाशी असलेली माती उकरून नेतो आणि वरून जाणाऱ्यास त्याची वार्ताही नसते. ‘इतकी वर्षे टिकला, तो आजही टिकेल’ हे आपले अनुमान नेमके येथेच फसते.

महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावर सावित्री नदीवर १९२८ साली बांधलेला कमानींचा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. दोन एस. टी. गाड्या उतारूंसह नदीत गेल्या. पुढे अवघ्या १६५ दिवसांत नवा पूल उभा राहिला व ५ जून २०१७ रोजी तो खुला झाला. ह्या तत्परतेचे कौतुक झाले, ते रास्तच होय. पण माणसे बुडाल्यावर जे साधले, ते आधी का साधू नये?

ह्याचे उत्तर एकट्या सरकारी आळसात नाही. समजा, एखाद्या अधिकाऱ्याने वेळीच पूल बंद केला. पूल जागेवरच उभा राहतो, व्यापारी कुरकुरतात, प्रवासी शिव्या देतात. कोणाचा प्राण वाचला, हे मात्र कधीच सिद्ध होत नाही. घडलेल्या अपघातास शेकडो साक्षीदार मिळतात. टळलेल्यास एकही नाही. जिचा पुरावा देता येत नाही अशी दूरदृष्टी समाज ज्यांच्याकडून अपेक्षितो, त्यांच्या निर्णयाचा थोडा जाच त्याने सोसलाच पाहिजे.

सारेच जुने पूल एकदम पाडून नवे बांधणे कोणत्याही राज्यास शक्य नाही. परंतु संशय येताच वाहतूक थांबविणे शक्य आहे. पुढल्या पावसाळ्यात ‘पूल बंद’ अशी पाटी दिसून दहा कोसांचा वळसा पडला, तर त्या अनोळखी अधिकाऱ्यास दोष देण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे. टळलेल्या अपघाताचे साक्षीदार कदाचित आपणच असू.