माळावरची सोपी वाट

आपल्याकडे भटकंतीची किंमत उंचीवर ठरते. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणून तिथे जाऊन आलेल्याचे कौतुक. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढला तर त्याहून जास्त. या मोजपट्टीवर सोलापूर कुठेच बसत नाही. शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आणि भोवती नजर पोचेल तिथवर माळ. मुरमाड, उघडा, पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडे दिवस हिरवा, बाकी वर्षभर वाळल्या गवताच्या रंगाचा. इथला हौशी ट्रेकर शनिवारी रात्री गाडी पकडतो आणि सह्याद्रीकडे निघतो. आपल्या घराजवळ चालण्याजोगी जागा असेल, असे त्याला कधी कुणी सांगितलेलेच नसते.

पण ज्यांना शनिवारी रात्री निघताच येत नाही, त्यांनी कुठे चालायचे? हा प्रश्न मला कुंभारी बघताना सर्वांत जास्त टोचतो.

अक्कलकोट रस्त्यावरचे हे दक्षिण सोलापूर तालुक्यातले गाव. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार स्त्रियांनी घरांसाठी दीर्घ लढा दिला आणि २००६ साली इथे गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. पुढे असंघटित कामगारांसाठी रे नगरची तीस हजार घरांची योजना आली. त्यातल्या पंधरा हजार घरांचे हस्तांतरण जानेवारी २०२४ मध्ये झाले. काल-परवापर्यंत जिथे गुरे चरत होती त्या माळावर आज कामगारांचे एक शहर वसते आहे.

त्या शहरातल्या बाईचा दिवस कसा जातो ते पाहा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला कापलेली पाने आणि सुताचे बंडल. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते, म्हणून हजार भरेपर्यंत उठणे परवडत नाही. वर्षानुवर्षे असे बसून मान, पाठ आणि गुडघे धरतात. छातीत तंबाखूची धूळ जाते ती वेगळीच. दवाखान्यात गेले की सांगतात, रोज थोडे चालत जा. सल्ला अगदी बरोबर आहे. मात्र घराबाहेर पडले की एक तर सिमेंटची गल्ली, नाहीतर अवजड वाहनांचा रस्ता. घर मिळाले ही फार मोठी गोष्ट झाली. घराबाहेर श्वास घ्यायला जागा मिळणे हा त्याच हक्काचा उरलेला भाग आहे, असे मी मानतो.

कामगाराला चालायला वाट हवी, हा विचार जगात नवा नाही. अमेरिकेतल्या ॲपलेशियन पर्वतरांगेवरून साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट जाते. तिची कल्पना बेंटन मॅकाय यांनी १९२१ मध्ये मांडली तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर गिर्यारोहक नव्हते. कारखान्यांच्या शहरांत पिचलेल्या माणसाला मोकळी हवा मिळावी, हा त्यांचा हेतू होता. १९३७ मध्ये ती वाट पूर्ण झाली आणि तिचे नाव झाले ते मात्र सगळी चालून जाणाऱ्यांमुळे. मला तिच्या दक्षिण टोकाजवळची छोटी उद्याने जास्त मोलाची वाटतात. जॉर्जिया राज्यातल्या व्होगेल उद्यानात तळ्याभोवती मैलभराची वाट आहे. आजोबा नातवाचा हात धरून ती सहज पुरी करतात. अशी कितीतरी उद्याने मंदीच्या काळात, १९३३ ते १९४२ या वर्षांत, सरकारने कामाला लावलेल्या बेकार तरुणांनी घडवली. दगड रचले, पायऱ्या घातल्या, बंधारे बांधले.

हे वाचताना सोलापूरच्या माणसाला १९७२ आठवल्याशिवाय राहणार नाही. त्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या हातांनी खडी फोडली, रस्ते केले, पाझर तलाव खोदले. त्याच अनुभवातून महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. त्या कामांची निकड निराळी होती. पाणी आणि रस्ता आधी हवा होता. पण अडचणीच्या काळातले श्रम सार्वजनिक सुखासाठीही वापरता येतात, ही दुसरी शक्यता आपण फारशी आजमावली नाही.

कुणी म्हणेल, आमच्याकडे चालायची सवय कुठे आहे? सोलापूरबद्दल हे म्हणणे चुकीचे आहे. कोजागरीला तुळजापूरचा रस्ता माणसांनी भरून वाहतो. कर्नाटकातून आलेले भाविकही त्यात असतात. अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला पायी जाणारे कुंभारीवरूनच पुढे जातात. आणि सर्वांत सुंदर उदाहरण शहरातच आहे. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती अडुसष्ट लिंगे स्थापिली. गड्ड्याच्या यात्रेत भोगीच्या दिवशी नंदीध्वजांची मिरवणूक त्यांना तैलाभिषेक करत फिरते. थोडे चालायचे, थांबायचे, हात जोडायचे, पुढे निघायचे. चढ नाही, शिखर नाही. सगळी वाट सपाट, आणि तिच्यावरून चालता चालता माणसाला आपले गाव पायांनी कळते. आखीव, सोप्या, टप्प्याटप्प्याच्या वाटेची कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आहे. आता तिला नवसाची किंवा सणाची गरज नसलेली एक धाकटी बहीण हवी.

माळावर बघण्यासारखे काय आहे, हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकतो आणि दर वेळी मला वाईट वाटते. मारुती चितमपल्ली याच सोलापुरात जन्मले. ज्यांनी मराठीला रानाची भाषा दिली, ते २००६ मध्ये याच शहरात भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि अखेरच्या दिवसांत इथेच परतले. त्यांच्या गावच्या लोकांनी तरी हा प्रश्न विचारू नये. पायाखालचा मुरूम म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा झिजलेला दगड. पहिला पाऊस झाला की चंडोल गात गात सरळ वर चढतो आणि आवाज येत राहतो तरी तो सापडत नाही. पावसाळा सरता सरता पवन्या आणि कुसळी निसवतात. कुसळे धोतराला, लुगड्याला, पँटला भेदभाव न करता चिकटतात. तरवड पिवळा होतो. थंडीत मध्य आशियाकडून आलेले भोवत्या पक्षी गवतावर अगदी खालून तरंगत शिकार शोधतात. धाविक नावाचा चिमणा पक्षी चार पावले पळतो, थबकतो, पुन्हा पळतो. नशीब असेल तर संध्याकाळी बिळाबाहेर बसलेले खोकड दिसते.

हे सारे पाहायला उंची लागत नाही, दमही लागत नाही. सावकाश चालणे लागते. दोन किलोमीटरला दीड तास लागला तर तो माळावर उशीर नव्हे. म्हणूनच सोपी वाट म्हणजे अवघड वाटेची कमी प्रत, हे मला मान्य नाही. अवघड वाटेवर माणूस पाऊल कुठे पडते तेवढेच बघतो. सोप्या वाटेवर त्याची मान वर असते.

मात्र सरकारी दप्तरात माळ म्हणजे पडीक. पडीक म्हटले की दोन गोष्टी होतात. कुणीतरी तिथे झाडे लावायचा उपक्रम काढतो, नाहीतर राडारोडा आणून टाकतो. जिल्ह्यात माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. तिथेही गवताळ मोकळ्या जागी गिरिपुष्पासारखी परकी झाडे लावली गेली. उघड्यावर राहणाऱ्या पक्ष्याला झाडांची दाटी सोसत नाही. आज या अभयारण्यातल्या नान्नजच्या माळावर माळढोक दिसणे जवळजवळ थांबले आहे. त्याची कारणे अनेक आहेत, पण गवताला कमी लेखणे हे त्यातले एक नक्कीच.

त्यामुळे कुंभारीला वाट करायची तर फार काही न करणे हीच कसोटी ठरेल. गायरान किंवा वनखात्याची जमीन जिथे उपलब्ध असेल तिथे दोन किलोमीटरचा वळसा आखावा. दोन बायका बोलत शेजारी-शेजारी चालतील एवढी रुंदी पुरे. मुरूम दाबून घ्यावा; पेव्हर ब्लॉक, कारंजे, व्यायामाची लोखंडी यंत्रे यातले काहीही नको. सावलीला आधीपासून असलेले लिंब आणि हिवर जपावेत. सुरुवातीला पाण्याची टाकी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह हवे. याविना वाट फक्त पुरुषांची होते. वसाहतीत तेलुगू बोलणारी बरीच घरे आहेत, आणि सीमाभागामुळे कन्नडही कानावर पडते. तेव्हा पाट्या मराठीसह तिन्ही भाषांत असाव्यात आणि त्यांवर पक्ष्यांची, गवतांची नावे असावीत. टिटवी उघड्या मुरमातच अंडी घालते. उन्हाळ्यात वाटेचा तेवढा तुकडा दोरी बांधून बंद ठेवायची शिस्तही लागेल.

पुण्यात टेकड्या आहेत आणि त्यांच्यासाठी भांडणारे लोकही आहेत. सोलापुरात विजापूर रस्त्यावर वनविहार आहे. तिथे पहाटे चालणाऱ्यांची गर्दी असते. पण तो शहराच्या एका बाजूला. पहाटे पाण्याची वेळ सांभाळून, डबे करून, मग विड्यांना बसणारी बाई तिथवर जाणार नाही. तिच्या दारापासून दहा मिनिटांत पोचता आले, तरच ती वाट तिची.

कुंभारीची ग्रामपंचायत, वनखाते आणि घरकुलांच्या संस्था यांनी एकदा एकत्र बसून हा वळसा आखावा, एवढीच मागणी आहे. जागा बघायला ऑक्टोबरअखेर जावे. गवत पिकलेले असते, जमीन घट्ट झालेली असते, आणि गुराख्यांनी वर्षानुवर्षे पाडलेल्या पायवाटा तेव्हा स्पष्ट दिसतात. पाहणीला विडी कामगार बायकांना बरोबर घ्यावे. त्या दिवशी त्यांचा हजार विड्यांचा रोज बुडेल, तो आयोजकांनी भरून द्यावा.