९६ मेंढ्यांचा दिवा

॥ श्री गुरवे नमः ॥



तामिळनाडूच्या यात्रेबद्दल लिहा, असे बऱ्याच जणांचे निरोप आले. फोटो तुम्ही ग्रुपवर पाहिलेच आहेत. त्यातला एक फोटो मात्र आम्ही दुसऱ्या दिवशी काढून टाकला. ओळीने लावलेल्या पणत्या, मागे काळ्या दगडाची भिंत आणि खाली "सेवा संपन्न" असं लिहिलेला. शंभरावर नमस्कार आले होते त्या फोटोला. मग काढला का, असं काहींनी विचारलं. त्याचंच उत्तर आज देतो आहोत.

बेळगावहून आम्ही अकरा जणी आणि तीन पुरुष माणसं निघालो. तंजावरला पहिलं दर्शन बृहदीश्वराचं. राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केलेलं हे देऊळ आहे. त्याच्या भिंतींवर खालपासून तमिळ अक्षरं कोरलेली आहेत. राजाने काय दिलं, त्याच्या थोरल्या बहिणीने, कुंदवैने, काय दिलं, राण्यांनी काय दिलं आणि इतरांनी काय दिलं, ते सगळं त्यात आहे. देवळाच्या सेवेतल्या चारशे नर्तकींची नावंसुद्धा त्यांच्या घरांच्या पत्त्यांसह कोरली आहेत. आम्ही त्या भिंतींपुढून "वा, केवढं कोरलंय!" म्हणत पुढे गेलो.

मग प्राकाराच्या भिंतीवर आमचा मराठी शिलालेख दिसला. सरफोजी राजांनी १८०३ साली कोरून घेतलेला, भोसले घराण्याचा इतिहास. परक्या मुलुखात आपली देवनागरी दिसल्यावर काय झालं म्हणून सांगू! एकीने अक्षरावर बोट ठेवलं, दुसरीने वाचायला सुरुवात केली, दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथे एक पोरगा भिंतीला पाय लावून उभा होता, त्याला आम्ही लगेच हटकलं. तासभर हललो नाही तिथून. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं समजायला ते लागणार आहे.

दुसऱ्या दिवशी कुंभकोणमच्या वाटेवर पुळ्ळमंगैचं देऊळ पाहिलं. पहिल्या परांतक चोळाच्या काळातलं, म्हणजे दहाव्या शतकाच्या सुरुवातीचं. तिथे पायथ्याच्या पट्टीत तळहाताएवढ्या चौकटींमध्ये रामायण कोरलंय. वाकून, जवळजवळ बसूनच बघावं लागतं. गुडघेदुखीवाल्यांनीसुद्धा ते बसून पाहिलं. तिथून गाडीवाला म्हणाला, जवळच्या खेड्यात आणखी एक जुनं देऊळ आहे, कोणी जात नाही तिथे. आम्ही म्हटलं, चला.

देऊळ लहानच होतं. शिखरावर पिंपळाचं झाड, आवारात गवत, मंडपात वटवाघळांचा वास. दक्षिणेकडच्या कोनाड्यात दक्षिणामूर्ती, म्हणजे शिवाचं गुरुरूप. चेहऱ्यावर इतकी शांती की आम्ही सगळेच गप्प झालो. आणि खांद्यावर कोळ्याचं जाळं. पुजारी सकाळी सायकलने येतात, एक दिवा लावतात, नैवेद्य दाखवतात आणि पुढच्या गावच्या देवळात जातात, असं कळलं. तीन देवळं त्या एका माणसाकडे.

आमच्या पोटात कालवलं. एवढा देव आणि असा एकटा! लगेच पदर खोचले. काथ्या आणला, गाडीतला भांड्यांचा साबण काढला, शेजारच्या घरून बादल्या आणल्या. दोन तास भिंतीचा खालचा भाग घासला. मग हळदकुंकू वाहिलं. भिंतीच्या पट्टीवर तेलाच्या एकवीस पणत्या ठेवल्या, दोन ठिकाणी कापूर लावला. आरती झाली. मन इतकं भरून आलं होतं की तोच फोटो ग्रुपवर टाकला.

आरती संपते न संपते तोच धोतर नेसलेले एक वृद्ध गृहस्थ आले. गावच्या शाळेतले निवृत्त शिक्षक. थोडं इंग्रजी, थोडं हिंदी बोलत होते. त्यांनी आधी देवाला हात जोडले, मग आम्हाला. मग खाली बसून एक एक पणती उचलून जमिनीवर ठेवायला लागले. आम्हाला जरा राग आला. त्यांनी खिशातून रुमाल काढून भिंतीवरचं तेल टिपलं आणि विचारलं, "इथे काय लिहिलंय, ठाऊक आहे?"

तेव्हा आम्हाला दिसलं की त्या पट्टीवर अक्षरं होती. हळदकुंकू भरल्यामुळे उलट आता नीट दिसत होती. दोन तास हाताने घासूनही ती आम्हाला दिसली नव्हती. आम्हाला वाटलं होतं, मळ बसलाय.

त्यांनी बोट फिरवत वाचलं. एका बाईने या देवळात अखंड दिवा लावण्यासाठी ९६ मेंढ्या दिल्या आहेत. मेंढ्या धनगराकडे सोपवायच्या आणि त्याने रोज दिव्यापुरतं ठरलेलं माप तूप आणून द्यायचं. चंद्रसूर्य असेपर्यंत. असे लेख चोळांच्या मुलुखात शेकड्यांनी आहेत, म्हणाले. कुठे ९० मेंढ्या, कुठे ९६. त्या मेंढ्यांना लेखात शब्द आहे 'सावा मूवा पेराडु'. म्हणजे न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या थोर मेंढ्या.

आम्ही हसलो. मेंढी कशी मरणार नाही? ते म्हणाले, "मेंढी मरते, कळप मरत नाही. एक मेली की तिच्या जागी कोकरू धरायचं. आकडा ९६ चा ९६. धनगर मेला तर त्याचा मुलगा तूप आणणार."

मग लेखाची शेवटची ओळ. देणारी बाई तिथे सांगते की पुढे जो कोणी हे धर्मकार्य राखील, त्याचे श्रीपाद माझ्या मस्तकावर असोत. तमिळ लेखांच्या शेवटी असा मजकूर पुष्कळदा येतो, म्हणाले. श्रीपाद हा शब्द कानावर पडला आणि आमच्यापैकी कोणालाच बोलवेना. हजार वर्षांपूर्वीची कोण कुठली बाई, पुढे येणाऱ्या अनोळखी माणसाच्या पाया पडून ठेवते. आणि तो माणूस म्हणून आम्ही आलो, ते तिच्याच दिव्याच्या लेखावर दिव्याची काजळी धरून!

ते रागावले नाहीत. उत्तरेची भिंत दाखवली फक्त. मागे जीर्णोद्धारात यंत्राने वाळूचा मारा करून ती साफ केली होती. भिंत गोरी दिसते, पण अक्षरं विरघळलेल्या साखरेसारखी झालीत. तेल दगडात मुरतं, त्यावर धूळ बसते, दगड काळा पडतो, मग कोणाला तरी तो स्वच्छ करावासा वाटतो आणि वाळू येते. शिलालेखाचा ठसा घेताना दगडावर ओला कागद ठेवून ब्रशने थापटतात, मग शाई लावतात. तेलकट दगडावर तो कागद नीट बसत नाही. त्यांचं एवढंच म्हणणं होतं, "दिवा लावलात, फार चांगलं केलंत. दिव्याची जागा आत आहे."

त्या रात्री मुक्कामी आमच्यात वाद झाला. तो तुमच्यापुढे ठेवतो, कारण प्रश्न आपल्या सगळ्यांचा आहे.

आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या काकू म्हणाल्या, "आपला भाव शुद्ध होता ना? मग दोष कसला? देव भावाचा भुकेला. आणि देऊळ म्हणजे काही म्युझियम नव्हे. अक्षरं राहिली आणि दिवा विझला, तर त्या बाईला आनंद होईल का?"

काकूंचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. परतीच्या वाटेवर आम्ही पुदुकोट्टै जिल्ह्यात कोडुंबाळूरला गेलो. तिथे भूती विक्रमकेसरी नावाच्या सरदाराने तीन देवळं बांधली, एक स्वतःच्या नावाने आणि दोन दोघी राण्यांच्या नावाने. दोन उभी आहेत, तिसऱ्याचा नुसता चौथरा उरलाय. पुरातत्त्व खात्याने हिरवळ राखली आहे, कचऱ्याचा कण नाही, मूर्ती सुरेख. पण पूजा नाही. काकू चौथऱ्याजवळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बघा, इथे सगळं राखलंय. कोणासाठी?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. नुसता दगड राखणं म्हणजे धर्म राखणं नव्हे, हे खरंच आहे. त्या बाईने राखायला सांगितला होता तो दिवा, भिंत नव्हे.

पण मग दुसरी बाजूही बघायला हवी. त्या बाईचा भाव काही कमी नव्हता. तरी तिने नुसता भाव ठेवला नाही. मेंढ्या मोजल्या, तुपाचं माप ठरवलं, कोण आणणार ते ठरवलं, आपल्यामागे काय होईल याचा विचार केला आणि दगडावर लिहून ठेवलं. तिच्या भक्तीत हिशोब होता, पुढची पिढी होती. आमच्या भक्तीत दोन तास होते आणि एक फोटो होता. आम्ही गेल्यावर त्या पणत्यांचं काय होणार, त्या सायकलवाल्या पुजाऱ्यांना तेल पुरतं का, हे आम्ही विचारलंच नव्हतं.

आणि सर्वांत बोचलं ते वेगळंच. तंजावरला आमच्या लिपीच्या अक्षरावर आम्ही पाय लागू दिला नाही. इथे दुसऱ्याच्या लिपीवर साबण घातला. दगड तोच, कोरणाऱ्याचा घामही तोच. फरक इतकाच, की एक आम्हाला वाचता येत होतं, दुसरं येत नव्हतं. जे वाचता येतं ते वारसा आणि जे येत नाही तो मळ, असं आमच्या मनाने परस्पर ठरवून टाकलं होतं. भाव शुद्ध असेल, काकू. पण तो भाव आमच्या स्वतःच्याच समाधानाभोवती फिरत होता. ज्याची सेवा करायची त्याच्याकडे आम्ही धड पाहिलंसुद्धा नव्हतं. दोन तास हात फिरवूनही न दिसणं, याला काय म्हणायचं?

याच मुलुखात सेंबियन महादेवी नावाची चोळ राणी होऊन गेली. दहाव्या शतकातली. पती गंडरादित्य लवकर गेले. पुढचं आयुष्य तिने जुनी विटांची देवळं दगडात बांधून काढण्यात घालवलं. तिरुक्कोडिकावलचं देऊळ नव्याने बांधताना तिने जुन्या भिंतींवरचे लेख उतरवून घेतले आणि नव्या दगडावर पुन्हा कोरवले. राणीच ती, सगळ्या भिंती आपल्याच नावाने भरल्या असत्या तर कोण विचारणार होतं? पण आपण नवं करताना आधीच्यांचं देणं पुसलं जाऊ नये, एवढी काळजी तिने घेतली. आपल्याकडे जीर्णोद्धार झाला की काय होतं ते आठवा. टाइल्स येतात, ऑइल पेंट येतो आणि देणगीदारांची संगमरवरी पाटी येते, कधी कधी थेट जुन्या कोरीव दगडावरच. आम्हीही अशा पाट्यांसाठी पैसे दिलेले आहेत.

आपल्या कोकणात, गोव्यात गधेगाळ असतात, ते तुम्ही पाहिले असतील. दान मोडणाऱ्याला वाईट शाप देणारे दगड. तमिळ लेखांतही शापवचनं असतात. पण शापाने माणूस फार तर घाबरून हात मागे घेतो. त्या बाईने पाया पडून ठेवलंय, तिला काय उत्तर द्यायचं?

परत आल्यावर आम्ही एवढंच ठरवलंय. जुन्या देवळात गेलो की आधी प्रदक्षिणा, तीही भिंतीकडे बघत. तेल, कापूर, कुंकू देवापाशी, पुजाऱ्यांना विचारून. भिंतीवर, कोनाड्यातल्या मूर्तीवर नाही. अक्षरं दिसली तर त्यात खडू, रंग भरायचा नाही. मोबाईलची बॅटरी बाजूने तिरकी धरली की अक्षरं आपोआप उठून दिसतात, तसा फोटो काढायचा आणि जाणकाराला दाखवायचा. घासायचं असेल तर मंडपातली जमीन आहे, गवत आहे, त्याला कोणाची ना नाही. आणि दिव्याची इच्छा झाली तर एका दिवसाच्या एकवीस पणत्यांऐवजी वर्षभराच्या एका दिव्याचं तेल. त्या गावच्या पुजाऱ्यांना तेवढं तेल आता दरमहा जातं. पहिले पैसे काकूंनी घातले. वर म्हणाल्या, "माझं म्हणणं मी सोडलेलं नाही." नका सोडू काकू, त्या म्हणण्यामुळेच तर दिवा लागलाय.

मास्तरांनी परवा फोटो पाठवला. आतला दिवा छान तेवतोय. बाहेरच्या पट्टीवर आमच्या तेलाचा डाग मात्र आहे तसाच आहे, हातभर लांब. पावसाने जात नाही, म्हणाले. घासू का, असं विचारायचं आमच्या तोंडावर आलं होतं. नाही विचारलं.

आपल्या गावाजवळच्या जुन्या देवळात येत्या गुरुवारी जरूर जा. भिंतीशी पाच मिनिटं उभे राहा आणि काय दिसलं ते आम्हाला कळवा.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥