किल्लारीचा भूकंप आणि दैवी शिक्षेचा प्रश्न

खडक कशाचे बनले, थर कोणत्या क्रमाने साचले, ते कुठे वाकले आणि कुठे तुटले, याचा शोध भूविज्ञान घेते. उमरगा तालुक्यातील मुरूम गावाच्या परिसरात हा क्रम विहिरीच्या कडेलाही वाचता येतो: वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचा हा पाषाण. मुरूम ही त्याचीच झीज.

याच मुलखात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटे असताना, जमीन हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे कोसळली. सुमारे दहा हजार माणसे गेली. देवाला निरोप दिला त्याच रात्री हे का घडावे, हा प्रश्न श्रद्धाळू मनाला टाळता येणारा नव्हता.

बिहारच्या १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपानंतर याच प्रश्नावर दोन थोर माणसांत मतभेद झाला. महात्मा गांधींनी तो भूकंप अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा मानला. रवींद्रनाथ ठाकूर अस्पृश्यतेचे विरोधकच होते, तरी त्यांनी हे म्हणणे नाकारले: भौतिक घटनेचे कारण भौतिकच असते. गांधींनी तो आक्षेप आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात छापला, पण मत बदलले नाही.

भूविज्ञान ठाकुरांच्या बाजूने उभे राहते. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत आशियाला रेटतो आणि तो ताण स्थिर समजल्या जाणाऱ्या दख्खनच्या पठारापर्यंत पोहोचतो. किल्लारीजवळ पुढे खोल छिद्र घेतले, तेव्हा सुमारे ३३८ मीटर बेसाल्टखाली गाळाचा पातळ थर आणि त्याखाली अतिप्राचीन खडक लागला. अशा जुन्या खडकातील कमकुवत जागी ताण मोकळा होतो. हा धक्का ६.२ तीव्रतेचा होता, केंद्र उथळ होते. शिक्षा द्यायची तर अपराधी निवडावा लागतो. कंपनलहर पाळण्यातले मूल आणि गावचा पाटील यांत फरक करत नाही.

तरीही माणसाच्या करणीचा इथे काहीच संबंध नव्हता, असे म्हणता येत नाही. बहुतेकांचा जीव घेतला तो मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदाच्या जड छतांनी. हे पाप नव्हते. दगड हाताशी होता, माळवद उन्हाळ्यात गारवा देई आणि इतका मोठा धक्का कुणाच्या आठवणीत नव्हता. कर्मविचाराला इथे जागा असेलच, तर ती पुढचे घर कसे बांधावे या निर्णयात आहे.

एकाच घरातला एक का वाचला आणि दुसरा का गेला, याचे उत्तर भिंत कोणत्या बाजूला पडली एवढ्यापुरतेच भूविज्ञान देते. शोकाला हवे असलेले ‘का’ त्याच्या कक्षेत येत नाही. पुढचा धक्का केव्हा, हेही ते सांगू शकत नाही: किल्लारीत १९९२ मध्येही लहान धक्के बसले होते, पण त्यांतला कोणता मोठ्या भूकंपाची नांदी ठरेल, हे ओळखण्याचे साधन तेव्हा नव्हते आणि आजही नाही.