पैऱ्याचा बैल

आबांच्या दावणीला शर्यतीचे तीन बैल. घाटात गाडा जुंपायचा तर चार लागतात, पुढची घोडी वेगळीच. चौथा बैल दर यात्रेला पैऱ्यानं, म्हणजे एकमेकांना बैल देण्याच्या रीतीनं, यायचा, आंबेगाव तालुक्यातल्या एका जुन्या दोस्ताकडून. त्यात कमीपणा कसला? जुन्नर-आंबेगावात कितीतरी गाडे असेच जमतात.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्या अटींसह पुन्हा सुरू झाल्या. मधल्या सात वर्षांत आबांनी बैल विकले नाहीत. त्यांच्या मुलानं पोरं घाट विसरतील या धास्तीनं मोबाइलवर गेम केला. नाव ठेवलं ‘भिर्रर्र’.

गेम झकास होता. घाटाची चढण, उधळलेला भंडारा, निवेदकाला आवाज गावातल्याच माणसाचा. या सगळ्यावर पोरानं दोन वर्षं घालवली. एक काम मात्र त्यानं एका दुपारी उरकलं. बारीचे, म्हणजे एका धावेचे, सेकंद समाजमाध्यमावर मित्रांना दिसावेत आणि त्यातून रोजचा ‘घाटाचा राजा’ ठरावा, यासाठी परदेशातल्या कुणीतरी फुकट ठेवलेली तयार कोडची लायब्ररी त्यानं उतरवून घेतली, दोन ओळी लिहिल्या आणि ते चाललं. आत काय आहे हे पाहिलं नाही. चालत्या पंपाचं झाकण कोण उघडतो म्हणा!

चैत्रात यात्रा आली. यंदा फोनवर सगळ्यांत कमी सेकंद लावणाऱ्यालाही मानाचा फेटा मिळणार होता. पोरं रात्रभर अंगठे झिजवत बसली. सकाळी बघतात तो गेम उघडेना. पडदा काळा व्हायचा आणि गेम मिटून जायचा. ज्यानं जन्मात काही पोस्ट केलं नव्हतं, त्याच्याही फोनवर तीच गत.

पोरगा देवळाच्या पायरीवर लॅपटॉप मांडून बसला, भोवती ही गर्दी. शेवटी पुण्यातल्या मित्रानं फोनवरून दुखणं शोधलं. समाजमाध्यमानं आपला जुना दरवाजा बंद केला होता. तशी सूचनाही कधीच दिली होती, पण लायब्ररी कुणी नवी केलीच नव्हती. आणि ही बया गेम सुरू होताच सगळ्यांत आधी त्याच दारावर थाप मारायची. आतून ओ आली नाही तर काय करायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

“तू कशाला एवढा खचतोस?” मित्र म्हणाला. “१० जुलै २०२० ला फेसबुकनं आपल्याकडं काहीतरी बदललं आणि आयफोनवरची स्पॉटिफाय, पिंटरेस्ट, टिंडर पटापट बंद पडली. फेसबुकनं लॉगिन न करणाऱ्यांचीसुद्धा. त्याच्या दोनच महिने आधी, मेमध्येही, हेच झालं होतं.”

पोराला त्यातून काही धीर आला नाही.

त्याच सुमारास आबांचा फोन वाजला. पैऱ्याचा बैल रात्रीतून लंगडायला लागला होता. “असू दे, शेक दे त्याला,” म्हणून आबांनी फोन ठेवला आणि गोठ्यातून हरण्याला सोडला. हरण्या म्हणजे घरच्या औताचा बैल. हा कधी पळाला? तर माघापासून दर रविवारी आबा त्याला बाकी तिघांबरोबर माळावर जुंपत होते. पोरगा तेव्हा लॅपटॉपपुढं होता.

गाडा चौदा सेकंदांवर गेला. बक्षीस नाही. पण बारी झाली, भंडारा उधळला गेला, आबांचं नाव भोंग्यावर पुकारलं गेलं.

रात्री जेवताना आबांनी विचारलं, “तुझा पैरा कुणाकडचा?”

“माहीत नाही. कॅनडात का कुठं असतो.”

“बैल पळवून बघितला व्हता, का फोटो बघून आणला?”

पोरानं भाकरी मोडली, तोंडात घातली नाही.

त्यानं लायब्ररीवाल्याला मेल टाकली. पंधरा दिवसांनी सभ्य उत्तर आलं: नोकरी बदलली, वर्षभर हात लावलेला नाही, हवं तर तुम्हीच सांभाळा. कोड खुलाच होता, पोरानं तो पहिल्यांदा वाचला. बराचसा भाग त्याच्या गेमला नकोच होता. एका कोपऱ्यात तर खेळणाऱ्याची फोनबुक मागायची सोय होती. चिडून त्यानं सगळं स्वतः लिहायला घेतलं आणि आठ दिवसांत सोडलं. त्या बदलत्या दारामागं एकट्यानं धावायचं, तर बैल कधी पळवायचे?

लायब्ररी राहिली, फक्त तिची जागा बदलली. आता गेम आधी उघडतो, बारी सुटते, सेकंद फोनमध्येच लिहिले जातात. मग समाजमाध्यमाला हाक. तीन सेकंदांत ओ आली नाही तर पुढं चालायचं. नेट बंद करून त्यानं हे वीस वेळा पाहिलं.

पुढच्या चैत्रात पैऱ्याचा बैल आदल्या रात्रीच टेम्पोतून आला. हरण्याच्या शिंगांनाही रंग लागलेला होता. आबा म्हणाले, “उजेड धर.” पोरानं फोनची बॅटरी लावली. आबांनी एकेक पाय उचलून खुराच्या बेचक्यात अंगठा दाबून पाहिला.

दोस्त हसला. “इतक्या वर्षांचा पैरा, अजून भरवसा न्हाई व्हय?”

आबांनी चौथा पाय सावकाश खाली ठेवला. “तुझ्यावर हाय की. बैलाला इचारतोय.”