सांगण्याआधीचा हिशेब

१९७९ साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिव्हियन कॅस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी समलैंगिक माणसाच्या स्वतःला ओळखण्याच्या सहा पायऱ्या मांडल्या. आधी गोंधळ, मग इतरांशी तुलना, मग नाइलाजाने सहन करणं, मग स्वीकार, मग अभिमान, आणि शेवटी ‘मी असा आहे, पण मी एवढाच नाही’ अशी शांत समजूत. त्या काळात हे मोठं काम होतं. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढायला सुरुवात केली त्याला जेमतेम सहा वर्षं झाली होती, आणि या बाई तिच्याकडे वाढीची एक वाट म्हणून पाहत होत्या. पुढे मात्र त्या पायऱ्यांचा जिना झाला. मूल आधी स्वतःशी कबूल होतं, मग मित्राला सांगतं, मग आईला, मग जगाला, असं सगळ्यांनी धरून टाकलं. वर पोहोचला तो शूर. खाली राहिला तो भित्रा, किंवा अजून न कळलेला.

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत हा जिना लावून पाहिला तर तो कुठेच नीट टेकत नाही. स्वतःला स्वीकारणं आणि दुसऱ्याला सांगणं ही दोन निराळी कामं आहेत आणि त्यांचा क्रम ठरलेला नसतो. मुलाच्या धाडसावर तो क्रम फार कमी अवलंबून असतो. उद्याचं जेवण, अंथरूण, फी आणि लग्न ज्याच्या हातात आहे, त्याच्यावर तो जास्त ठरतो. इथून पुढे ज्या मुलामुलींबद्दल लिहितो आहे ती कुणी एक व्यक्ती नाहीत. त्यांच्याभोवतीची परिस्थिती मात्र खरी आहे.

आश्रमशाळेपासून सुरुवात करू. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा दोन्ही तालुक्यांत आहेत आणि त्यांचं प्रकल्प कार्यालय डहाणूतच आहे. लहानपणी आलेलं पोर दहावी-बारावीपर्यंत तिथेच जेवतं, तिथेच झोपतं, दिवाळीला आणि उन्हाळ्यात घरी जातं. रात्री ओळीने अंथरुणं पडतात. पुस्तकातल्या मुलाला दार लावून एकटं बसायची जागा आयती मिळते. ती इथे नाही. शेजारच्या अंथरुणावरचा दोस्त आपल्याला आवडतो हे चौदाव्या वर्षी कळतं, ते त्याच दोस्ताच्या डोळ्यांदेखत, चोवीस तास. सांगायचं तर कुणाला? अधीक्षक घरचा नाही, मास्तर घरचे नाहीत, पण गोष्ट फुटली तर ‘याला घरी न्या’ हे शब्द त्यांच्याच तोंडून येणार. घरी गेलं की शाळा सुटली, आणि शाळा सुटली की वीटभट्टी नाहीतर रेती. असा मुलगा गप्प असेल तर त्याला काही कळलेलं नाही, असं समजू नये. त्याने गणित मांडलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतं.

आता रेल्वेच्या पश्चिमेला, बोर्डी-घोलवडकडे या. इथल्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. समजा, एका वाडीवाल्याचा मुलगा आहे. त्याला स्वतंत्र खोली, स्वतःचा फोन, इंग्रजी माध्यमाची शाळा. पंधराव्या वर्षीच तो चार सिनेमे आणि शंभर व्हिडिओ पाहून स्वतःशी स्पष्ट झालेला असू शकतो. रडारड नाही, देवाला नवस नाही. पण सातबारा वडिलांच्या नावावर आहे, आणि वाडी सोडून त्याला जायचंही नाही, कारण झाडं त्याला खरोखर आवडतात. मग हा मुलगा पस्तिशीपर्यंतही घरी काही बोलणार नाही. उलट तलासरीतल्या पाड्यावरचा एखादा मुलगा अठराव्या वर्षी भिलाडला, वापीला नाहीतर सिल्व्हासाला कारखान्यात लागतो, तिथे दोस्ताबरोबर खोली घेतो आणि स्वतःला कसलंही नाव न देता त्याच्यासोबत वर्षानुवर्षं राहतो. जिन्याच्या मापाने पहिला चौथ्या पायरीवर आणि दुसरा पहिलीवरही नाही. पुढे कोण गेला, हे मात्र मला ठरवता येत नाही.

लग्नापाशी थोडं थांबायला हवं, कारण या भागात लग्नाचा आणि भाकरीचा संबंध जुना आहे. वारली माणूस लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून पैसे घ्यायचा आणि फेडीपोटी जन्मभर त्याच्याकडे राबायचा. त्याला लग्नगडी म्हणत. १९४५ साली तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची मोठी सभा झाली, आणि गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या किसान सभेच्या लढ्याने वेठबिगारीबरोबर ही पद्धतही मोडीत काढली. लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून वारल्यांत आधी संसार आणि मागाहून विधी, हे आजही चालतं. लग्न लावणाऱ्या धवलेरी बाईने गाणी म्हणून, भिंतीवरच्या चौकात पालघाट देवी लिहून लागणारं लग्न कधी कधी पोरं मोठी झाल्यावर लागतं. आईबापांचं आणि मुलाचं एकाच मांडवातही लागतं.

शहरातल्या माणसाला हे ऐकून फार आनंद होतो. बघा, आदिवासी किती मोकळे! पण हा मोकळेपणा विधीबाबत आहे. जोडी बाई-बुवाचीच धरलेली आहे, आणि पालघाट ही पिकापाण्याची, लेकराबाळांची देवी आहे. दोन मुलगे किंवा दोन मुली यांना त्यातून आपोआप जागा मिळते असं म्हणणं म्हणजे आपल्या मनातलं दुसऱ्याच्या भिंतीवर रंगवणं. जागा मिळतच नाही, असंही मी म्हणणार नाही. मला एवढंच दिसतं की विधीची तारीख ठरलेली नसल्यामुळे ‘याचं लग्न का झालं नाही?’ हा प्रश्न पाड्यावर एका ठरावीक दिवशी येऊन आदळत नाही. मात्र ‘हा कुणाबरोबर राहतो?’ हा प्रश्न लवकर येतो, कारण कमावता झालेला मुलगा अठराव्या वर्षी बाप्या धरला जातो. वाडीवाल्याच्या मुलाला ‘आधी शिक्षण, मग नोकरी, मग बघू’ म्हणत दहा वर्षं मिळतात. तो ही वर्षं वापरतो, आणि पुढे तीच त्याच्या अंगावर येतात.

दुसरा मोठा फरक दिसण्याचा. एखाद्या मुलाची चाल, हातवारे, आवाज इतर पोरांसारखे नसतात. त्याला काही सांगावंच लागत नाही. ‘बायल्या’ म्हणून गावाने ते आधीच सांगून टाकलेलं असतं, त्याला स्वतःला कळायच्याही आधी. त्याच्या प्रवासाची दिशाच उलटी. लोकांनी फेकलेल्या नावातलं आपलं किती आणि त्यांचं किती, हे त्याला निवडत बसावं लागतं. अशांतला कुणी समलैंगिक असतो, कुणी तृतीयपंथी, कुणी यातलं काहीच नसतो आणि उगाच मार खातो. आणि कबड्डीच्या संघातला दणकट चढाईपटू? त्याच्यावर कुणाचा संशय नाही. बायल्या म्हणून हसणाऱ्यांत तोही हसतो, न हसला तर बघतील म्हणून. मला दुसऱ्याची वाट जास्त एकाकी वाटते. पहिल्याला निदान आपल्यासारखा दुसरा कोण ते ओळखू येतं.

मुलींचं आणखी निराळं. दोन मुली हातात हात घालून जत्रेत फिरल्या, एका पांघरुणात झोपल्या, तर कुणाची भुवई वर जात नाही. त्यामुळे त्यांचं प्रेम बराच काळ कुणाला दिसतच नाही, कधी त्यांना स्वतःलाही नाही. दिसतो तो एकदम नकार: ‘मला लग्न नको.’ घराला मुलगी काय आहे हे कळत नाही, काय नाकारते आहे एवढंच कळतं, आणि सगळी ताकद तो नकार मोडण्यावर लागते. १९८७ साली मध्य प्रदेशात लीला नामदेव आणि ऊर्मिला श्रीवास्तव या दोन महिला पोलिसांनी एकमेकींशी लग्न केलं. दोघींना पगार होता, म्हणून ते करता आलं. बातमी झाल्यावर नोकऱ्याच गेल्या. भाकरी कुणाच्या हातात, हा प्रश्न पगारदार बाईलाही सुटलेला नव्हता.

क्रम ठरलेला नसतो याची मोठ्या माणसांतली उदाहरणंही आहेत. अशोक राव कवी रामकृष्ण मिशनमध्ये संन्यासाच्या वाटेवर होते. तिथल्याच एका स्वामींनी त्यांना स्वतःला स्वीकारायला सांगितलं, आणि १९८६ साली त्यांनी एका इंग्रजी मासिकात उघडपणे मुलाखत दिली. त्यांचा स्वीकार धर्माच्या दारातून आला, हे आपल्या नेहमीच्या समजुतीत बसत नाही. पुण्याचे बिंदुमाधव खिरे यांनी ‘नीट’ व्हावं म्हणून लग्न केलं, ते मोडलं, अमेरिकेत गेल्यावर ते स्वतःशी आणि मग इतरांशी बोलते झाले, आणि २००२ साली त्यांनी समपथिक ट्रस्ट काढला. आधी लग्न, मग घटस्फोट, मग स्वीकार. गुजरातेत राजपिपळ्याचे मानवेंद्रसिंह गोहिल २००२ साली मनाने कोसळले तेव्हा घरी सांगितलं ते डॉक्टरांनी. स्वतः ते २००६ साली वर्तमानपत्राशी बोलले आणि गावात त्यांचे पुतळे जळले. राजघराण्यातल्या माणसाचीही ही गत. पैसा असला की वाट सोपी, असा सोपा हिशेब इथे चालत नाही. वारसा जितका मोठा तितकं गमवायचंही जास्त.

रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हा मराठी चित्रपट २०२५ साली सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि गावातच राहिलेला, लग्नासाठी घेरला गेलेला बालपणीचा मित्र बाळ्या. आनंदच्या आईला मुलाचं ठाऊक आहे. ती त्यावर भाषण करत नाही, नातेवाइकांना मात्र परस्पर थोपवते. मला त्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की चित्रपट बाळ्याला आनंदच्या मागे राहिलेला दाखवत नाही. दोघांना एकच गोष्ट कळलेली आहे. एकाला पगार आणि मुंबई आहे, दुसऱ्याला शेरडं आणि शेत.

मुंबई डहाणूलाही आहे. १६ एप्रिल २०१३ पासून विरारची लोकल डहाणू रोडपर्यंत येते, आणि कॉलेजला जाणाऱ्या मुलाला विरारच्या पुढे कुठेतरी आपल्याला कुणी ओळखत नाही अशी काही तासांची मोकळीक मिळते. ती परतीच्या गाडीत संपते. अमेरिकेतले रिच सॅव्हिन-विल्यम्स २००५ च्या आपल्या पुस्तकात सांगतात की नवी पोरं स्वतःला नाव लावायलाच तयार नाहीत, कारण त्यांना त्याची गरज वाटत नाही. डहाणूतलं पोरही नाव लावत नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, कारणं वेगळी.

कायद्याचं थोडक्यात. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून मोकळीक मिळाली ती संमतीने एकत्र येणाऱ्या प्रौढांना. अठरा वर्षांखालच्यांना २०१२ चा पॉक्सो कायदा लागू आहे, आणि त्यात गुन्हा घडल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. त्यामुळे शाळेतले लोक भलतेच घाबरतात. ‘मला मुलगे आवडतात’ असं पंधरा वर्षांच्या मुलाने सांगणं हा गुन्हा नाही आणि त्यात कुठे कळवण्यासारखं काही नाही, एवढं तरी प्रत्येक अधीक्षकाला ठाऊक हवं. मुलाला ‘बरं करून’ देणाऱ्या डॉक्टरचं वागणं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. भगताकडे नेऊन भूत उतरवण्यासाठी मारहाण केली तर राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण हे सगळं वापरायला आधी मुलाने कुणाला तरी सांगितलेलं असावं लागतं.

गंमत अशी की सरकारने एकदा उत्तर बरोबर दिलं होतं. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमासाठी केंद्राने फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘साथिया’ नावाचं साहित्य काढलं. किशोरवयात भिन्नलिंगी किंवा समलिंगी आकर्षण वाटणं स्वाभाविक आहे, असं त्यात म्हटलं होतं. तेव्हा कलम ३७७ अजून जागेवर होतं! पण हे साहित्य पोहोचवणारा, ज्याला साथियाच म्हणतात, तो त्याच गावातला, त्याच वयाचा मुलगा किंवा मुलगी. पाड्यावर तो चुलतभाऊ निघणार, नाहीतर शेजारणीची पोर. माहिती घ्यायला तो बरा, मन मोकळं करायला अवघड.

१४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक २०२२ पासून चालू आहे. तो फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि पलीकडचा माणूस चुलतभाऊ नसतो. तलासरीतल्या मुलाने तो लावायचा झाला तर फोन बहुधा बापाचा किंवा मोठ्या भावाचा असतो. तेव्हा शाळेने आणखी काही करायच्या आधी हे करावं: कार्यालयातला एक फोन ठरावीक तास मुलांसाठी ठेवावा, ती खोली तेवढा वेळ रिकामी करावी, आणि कुणी काय बोललं हे बाहेर आल्यावर विचारू नये.